हिला विश्रांतीची गरज आहे

२२ जानेवारी १९९६, सोमवार

कारखान्याच्या डॉक्टरांनी आज माझं ब्लडप्रेशर तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा एकशे साठ, शंभर. दंडावरचा पट्टा सोडवत त्यांनी विचारलं, "अनुसूयाबाई, दिवसभरात तुम्ही स्वतःसाठी काय करता?"

मी सांगायला लागले. पहाटे उठून डबे, सासूबाईंचं औषध, मग सातची कंपनीची बस. "ते घरासाठी," ते म्हणाले. मग मी कामाचं सांगितलं. मी इथली वेलफेअर ऑफिसर, म्हणजे कॅन्टीनच्या सांबारातल्या पालीपासून पाळणाघरातल्या उवांपर्यंत सगळ्या तक्रारी माझ्याच टेबलावर. "ते कंपनीसाठी. स्वतःसाठी काय?" झोपते, म्हटलं. "ती तरी लागते का?" लागत नाही.

एक गोळी लिहून दिली. आणि म्हणाले, रोज अर्धा तास काहीतरी खेळा. मी म्हटलं, त्यापेक्षा चालायला जाते. "नको. चालताना तुम्ही उद्याच्या भाजीचा विचार कराल. खेळताना चेंडूकडे बघावंच लागतं." शिवाय मनातलं चार ओळी लिहीत जा म्हणाले. म्हणून ऑफिसरांना नव्या वर्षाला मिळते ती ही डायरी काढली.

घरी सांगितलं तर हे हसले. (हे म्हणजे माझा नवरा, त्रिविक्रम. कागदावर नाव लिहायला हरकत नसावी.) "चव्वेचाळिसाव्या वर्षी अंगणात खडूनं चौकोन आखून कुंटेबिल्ले खेळणार का, लंगडी घालत?"

मराठीत लिहितेय. आमचं घराणं बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात, बसवनगुडीच्या या घरात आम्ही बोलतो ते अर्धं कन्नडच. पण अप्पांनी मला हट्टानं मराठी लिहा-वाचायला शिकवलं. घरात दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही. यांनाही नाही. त्यामुळे इथं काय लिहायचं याचा विचार करावा लागत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

जागा सापडली. स्टोअरच्या मागं रिकाम्या खोक्यांचा ढीग असतो ना, तो हलवला तर सपाट जमीन आहे. प्रेमाला नेऊन दाखवली. प्रेमा इन्स्पेक्शनला असते. आम्ही दोघी एकाच वर्षी इथं लागलो, अठरा वर्षं झाली; वेलफेअरला मी बारा वर्षं आहे.

"काय खेळायचं अनू?" तिनं विचारलं.

"थ्रोबॉल. शाळेत होते मी टीममध्ये."

"शाळेत मी पण पळत होते. म्हणून आता पळू?"

तरी संध्याकाळी बसमध्ये तिनंच चार जणींना सांगितलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, बस सव्वाचारला. मधला पाऊण तास बायका शेडच्या सावलीत बसून असतात. आज आठ जणी आल्या. पॅकिंगची दोरी दोन खांबांना बांधली, तेच नेट. चपला काढल्या, पदर खोचले, वर निळे कोट तसेच. चेंडू झेलायचा आणि तीन मोजायच्या आत पलीकडे फेकायचा, एवढंच. पहिल्या दहा मिनिटांत कुणालाच झेलता आला नाही. सकवारबाईंच्या पोटावर बसला तर त्या मटकन खाली बसल्या आणि हसत सुटल्या. त्यांना उठवायला गेलेली अहल्या त्यांच्यावर पडली.

मी सकवारबाईंना बारा वर्षं ओळखते. त्यांचे दात मी आज पाहिले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

काल सात तास झोपले. हे म्हणाले, घोरत होतीस. म्हटलं, घोरू दे.

४ मार्च, सोमवार

आता चौदा-पंधरा जणी येतात. कॉइल गुंडाळणाऱ्या मुली म्हणतात, दिवसभर केसाएवढ्या तारेकडे बघून डोकं गच्च होतं, ते चेंडूनं सुटतं. सुपरवायझरनं सांगितलं, रिजेक्ट होणारा माल कमी झालाय. खेळामुळेच असं मी म्हणणार नाही, पण झालाय खरा.

खेळून झालं की खोक्यांवर दहा मिनिटं बसतो. तेव्हा त्या बोलतात. वेलफेअर ऑफिसरच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून गेल्या बारा वर्षांत जे कुणी बोललं नाही ते घाम पुसता पुसता सांगून टाकतात. ऑर्डरी कमी होतायत हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही बनवतो ते रिले, म्हणजे तारेच्या कॉइलवर चालणारे स्विच, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजना लागतात, नव्या इलेक्ट्रॉनिकना लागत नाहीत. रात्री झोप न येण्याचं ते एक कारण. बाकीची प्रत्येकीची वेगळी.

ऐकलेलं विसरायला होतं म्हणून एक लांबट वही केलीय. कुणाला कुठला डॉक्टर गाठून द्यायचा, कुणाला कुठलं काम बदलून मागायचं. सकवारबाईंना फिट येतात, वर्षातून दोन-तीनदा, सोल्डरिंगच्या टेबलावर असूनही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. अहल्या झोपेच्या गोळ्या घेते, दिवसाही कधी कधी. प्रेमाच्या उजव्या डोळ्यापुढं सावली येतेय, भिंगाखाली तिला तार दोन दिसतात. हे तिनं फक्त मला सांगितलं, पाणी पिताना, सगळ्या निघून गेल्यावर.

वहीही मराठीतच ठेवते. ऑफिसात कन्नड, तमिळ, इंग्लिश वाचणारे आहेत, मराठी वाचणारं कुणी नाही. प्रेमाला, सकवारबाईंना बोलता येतं, पण अक्षर ओळखत नाहीत. कुलपापेक्षा बरं.

२२ मार्च, शुक्रवार

नवे पर्सोनेल मॅनेजर रुजू झाले. प्रणीत. पुण्याचे, वय जेमतेम बत्तीस. ओळख करून देताना मी इंग्लिशमध्ये बोलले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठी आहात असं ऐकलं. बेंगळुरात येऊन आठ दिवस झाले, मराठीत एक शब्द बोललो नाही. आज बोलू द्या."

मला लाजच वाटली. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात हे मला लग्नकार्यांत कळलंय. हे हसले नाहीत. मी "स्वल्प थांबा" म्हणाले तर म्हणाले, "किती गोड आहे हे. स्वल्प."

२९ मार्च, शुक्रवार

प्रणीत सरांनी खेळ पाहिला. खिडकीतून बघत होते म्हणे दोन दिवस. आज बूट काढून आत आले. एक चेंडू झेलला, एक सोडला, मनापासून हसले. नंतर मला म्हणाले, मोठ्या कंपन्यांत ताण कमी करायला बाहेरून तज्ज्ञ बोलावतात, त्यात पुष्कळ पैसा ओततात, आणि तुम्ही दोरी बांधून केलंत. बारा वर्षांत वरच्या कुणी माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं सलग बोललेलं आठवत नाही.

प्रेमा म्हणाली, "हा मनुष्य फार ऐकतो गं."

मी म्हटलं, "ऐकलं तर बिघडलं कुठं?"

१२ एप्रिल, शुक्रवार

प्रणीत सरांनी विचारलं, बायकांच्या अडचणी तुम्ही लक्षात कशा ठेवता? मी वहीचं सांगितलं. बघू का म्हणाले. मी जरा थांबले. ते म्हणाले, "ताई, नको असेल तर राहू दे. पण मला हेड ऑफिसकडून या बायकांसाठी काही मिळवायचं असेल तर त्यांना काय होतंय हे कळायला हवं. मी डॉक्टरसारखाच समजा."

ताई म्हणाले. दिली. सोमवारी परत देणार आहेत.

१५ एप्रिल, सोमवार

वही परत मिळाली. "तुम्ही लिहायला हवं होतं, ताई," म्हणाले. "तुमचं मराठी फार स्वच्छ आहे. आमच्याकडे असं आता कुणी लिहीत नाही." पानं शिवणीत सैल झालीत, पूर्ण उलगडून सपाट दाबल्यासारखी. किती लक्ष देऊन वाचलंय.

यांना सांगितलं की माझ्या मराठीचं कौतुक झालं. हे म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय."

२३ मे, गुरुवार

खरं नेट आलं. दोन चेंडू, चुन्याच्या रेघा, शिट्टी. सगळ्यांना कॅनव्हासचे बूट. कंपनीच्या मासिकासाठी फोटो काढला, मला मधे उभं केलं. खाली ओळ येणार आहे, "खेळातून आरोग्य : अनुसूया राव यांचा उपक्रम." आता आठवड्यातून तीनदा खेळ सगळ्यांना सक्तीचा, कामाच्या वेळातच. आणि महिन्यातून एकदा एक छापील फॉर्म भरायचा. झोप किती लागते, डोकं दुखतं का, कुठली औषधं चालू आहेत. त्यावरून प्रत्येकीला ताणाचे गुण मिळणार.

हजेरी मीच घेते.

६ जून, गुरुवार

प्रेमा तीन दिवस खेळायला आली नाही. विचारलं तर म्हणाली, "शिट्टी वाजल्यावर हसायचं, शिट्टी वाजल्यावर थांबायचं. हजेरी लावून कोण खेळतं, अनू?"

"पूर्वी दोरी होती, आता नेट आहे. एवढाच फरक."

"पूर्वी आपण चुकलो की हसत होतो. आता चुकलं की मुली तुझ्या हातातल्या कागदाकडे बघतात."

मला वाटतं तिला फोटोचं लागलं असावं. सुरुवात तर दोघींनी केली होती, नाव माझं आलं. पण ती बोलून दाखवणार नाही.

खोक्यांवर बसणं बंद झालंय. खोकीच उचलून नेली.

१६ जुलै, मंगळवार

नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. ज्यांना हवी त्यांनी अर्ज करावा, कुणावर जबरदस्ती नाही. कॅन्टीनमध्ये भात उरला.

मी प्रणीत सरांना विचारलं, खेळाचं काय? "खेळ चालूच ठेवायचा ताई, आता तर जास्तच गरज आहे."

१८ जुलै, गुरुवार

एकेकीला त्यांच्या केबिनमध्ये बोलावतायत. पहिल्या सकवारबाई. वीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि तशाच गेटकडे चालायला लागल्या, बसची वेळ व्हायला तीन तास होते. मी मागं धावले. म्हणाल्या, "अर्ज नाही केला तर मेडिकल बोर्डापुढं उभं करणार म्हणे. फिट येणारी बाई सोल्डरिंगला कशी, म्हणून. लपवलं म्हणून तसंच काढतील, काहीच न देता. केली सही."

डॉक्टरांच्या फायलीतून कळलं असणार. त्यांनी असं करायला नको होतं.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी डॉक्टरांकडे जाऊन भांडले. ते ऐकून घेत होते. मग फाइल काढून माझ्यापुढं ठेवली. सकवारबाईंच्या कागदावर फिटचा उल्लेखच नाही. "मला हे आज तुमच्याकडून कळतंय," ते म्हणाले.

दुपारी अहल्याला बोलावलं. तिनंही सही केली. तिनं फॉर्ममध्ये औषधांच्या रकान्यात "काही नाही" लिहिलं होतं. मीच ते फॉर्म गोळा केले होते, मला माहीत आहे.

चार वाजता प्रेमाला बोलावलं.

डोळ्याचं फक्त मला माहीत होतं.

२२ जुलै, सोमवार

आठ वाजता त्यांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"तुम्ही माझ्या वहीतून नावं घेतलीत."

ते रागावले नाहीत. दार लावून घेतलं. "ताई, मला वरून आकडा दिलाय. एकतीस. मी तो निवडला नाही. कुणाला जास्त गरज आहे हे न बघता नावं काढली असती तर दोन पोरं पदरी असलेल्या धडधाकट बायका गेल्या असत्या. ते बरं झालं असतं का?"

"मी ते त्यांच्या मदतीसाठी लिहिलं होतं."

"मग ही मदतच आहे." त्यांनी खणातून कागद काढले. झेरॉक्स. माझंच अक्षर, मागं काळ्या सावल्या. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "हिला विश्रांतीची गरज आहे. हे तुमचंच वाक्य आहे. प्रेमाच्या नावापुढं. सकवारबाईंच्या नावापुढं लिहिलंय, हे काम हिच्याकडून काढून घ्यायला हवं. मी वेगळं काय केलं?"

मला दुसरं काम म्हणायचं होतं. सोल्डरिंगऐवजी पॅकिंग. वाक्य अर्धं लिहिलं होतं मी, मला पुढचं माहीत होतं म्हणून.

त्यांनी मला पाणी दिलं. पाणी मी प्यायले.

२३ जुलै, मंगळवार

हे म्हणाले, "तू सही केलीस का कुठं? नाही ना. मग गप्प बस. तुझं नाव एकतिसात नाही ना?"

नाही. मी पाहिलं.

११ ऑगस्ट, रविवार

येलहंक्याला प्रेमाच्या घरी गेले. तिच्या मुलीनं, रक्षितानं, दार उघडलं, कॉफी दिली आणि आत जाऊन बसली. प्रेमा राजम्याच्या शेंगा सोलत होती, बोटांनी चाचपून.

मी सगळं सांगितलं. वही दिली हेही. ताई म्हणाले म्हणून दिली, हे सांगितलं नाही.

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "तू दिलीस याचं मला तेवढं नाही. फसवलं त्यानं, बरं. पण तू लिहिलंस का?"

"विसरू नये म्हणून."

"माझा डोळा तू विसरली असतीस?"

मी सूप तिच्याजवळ सरकवलं.

"खेळून दम लागला होता, हसत होते, म्हणून तोंडातून गेलं. कितीतरी महिन्यांनी मला हलकं वाटलं होतं त्या दिवशी. तू केबिनमध्ये बोलावून विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं. तुलाही ते माहीत होतं." तिनं शेंगांची सालं सुपात गोळा केली. "मी मैत्रिणीशी बोलले. तू ऑफिसर होऊन ऐकत होतीस."

असं नव्हतं. मी दोन्ही होते. एका माणसानं दोन्ही असू नये असा काही नियम आहे का?

निघताना तिनं कुंकू लावलं. रीत मोडायची नाही म्हणून लावलं असावं.

५ सप्टेंबर, गुरुवार

युनियनचे सेक्रेटरी नागोजी आज घरी आले. बावीस जणींनी लेबर ऑफिसात तक्रार केलीय, सह्या धाकानं घेतल्या म्हणून. मॅनेजमेंट म्हणतं, आम्हाला कुणाच्या आजाराचं काही माहीतच नव्हतं, स्वखुशीनं अर्ज आले.

"अक्का, तुमच्या वहीवाचून हे उभं राहत नाही," नागोजी म्हणाले. "वही ठेवा साहेबांपुढं. प्रणीतना कधी दिलीत, कधी परत आली, ते सांगा. अर्ज रद्द होतील."

"आणि वहीतलं सगळं फायलीत जाईल. कुणाला फिट येतात, कुणाची गोळी कुठली."

"मी त्या बावीस जणींना विचारून आलोय. जाऊ दे म्हणतात. प्रेमाक्का पण."

"विचार करून सांगते."

हे आतून सगळं ऐकत होते. नागोजी गेल्यावर एवढंच म्हणाले, "एकतिसाचे बत्तीस व्हायला वेळ लागत नाही."

२० सप्टेंबर, शुक्रवार

बुधवारी सुनावणी. प्रणीत सरांनी बोलावलं होतं. तक्रारीचं नावही काढलं नाही. होसूर रोडवर कंपनीचा दुसरा कारखाना आहे, तिथं बायकांसाठी आपल्यासारखाच खेळाचा उपक्रम सुरू करायचाय, सीनियर वेलफेअर ऑफिसर म्हणून माझं नाव सुचवलंय म्हणाले. मी उठले तेव्हा म्हणाले, "आणि ताई, वही ही तुमची खासगी गोष्ट आहे. ती असेल किंवा नसेल. मी कुणाला काही सांगणार नाही."

मी म्हटलं, सरी.

कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे; पण त्या वेळी मला त्यातून काय म्हणायचं होतं ते मलाच नीट सांगता येणार नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी न्हाणीघरात पाणी तापवायच्या हंड्याखाली वही घातली. पुठ्ठा ओला होता, लवकर पेटेना. फुंकणीनं फुंकत बसले.

नीट विचार करून केलं. त्या बावीस जणी आज घाबरलेल्या आहेत, म्हणून "जाऊ दे" म्हणतात. उद्या सरकारी कागदावर आपली दुखणी वाचून त्यांनाच वाईट वाटलं असतं. बाकीच्या नऊ जणींना तर कुणी विचारलंही नाही. एकदा मी त्यांचं बोलणं बाहेर जाऊ दिलं, दुसऱ्यांदा जाऊ देणार नाही. हेच बरोबर आहे.

हे आंघोळीला आले तेव्हा म्हणाले, आज पाणी लवकर तापलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

लेबर ऑफिसर वयस्कर, सौम्य बोलणारे. कन्नडमध्ये विचारलं, "बाई, या स्त्रियांच्या प्रकृतीबद्दल तुम्ही काही वही ठेवत होतात का?"

"खेळाची हजेरीवही होती, सर," मी म्हणाले. ती होतीच. बरोबर नेली होती, ती पुढं ठेवली.

"दुसरी कुठली?"

"दुसरी नाही."

आज दुसरी नाहीच आहे. हे खोटं नाही.

समोरच्या बाकावर नागोजी मान खाली घालून बसले. सकवारबाईंनी शेजारच्या प्रेमाला विचारलं, "काय म्हणाली?" प्रेमानं त्यांना सांगितलं, मराठीत, सावकाश, मला ऐकू येईल असं. "दुसरी नाही म्हणाली." आवाज चढवला नाही. मग दोघी उठल्या आणि निकाल ऐकायलाही थांबल्या नाहीत.

तक्रार काढून टाकली. पुरावा नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दिवसभर झोपले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बस आज रस्ता बंद म्हणून येलहंक्यातल्या सरकारी शाळेवरून गेली. मैदानावर बायका थ्रोबॉल खेळत होत्या. आधी ओळखल्या नाहीत, निळे कोट नव्हते ना. मग सकवारबाई दिसल्या. अहल्या. चौदा-पंधरा जणी असतील. दोन झाडांना दोरी बांधलेली. प्रेमाच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, ऑपरेशन झालं असणार. चेंडू त्या बाजूनं आला की शेजारची ओरडून सांगत होती, आणि प्रेमा अंदाजानं हात पुढं करत होती. बहुतेक सुटतच होते.

सगळ्या हसत होत्या. बसच्या खिडकीतून आवाज ऐकू येत नव्हता, पण दिसत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, आपल्याच बायका. थांबवू का?"

मी म्हटलं, उशीर होईल.

घरी येऊन यांच्यावर उगाच ओरडले. नोकरी गेलेल्या बायका हसतात कशा, हे मला कुणी समजावून सांगावं. आणि माझी नोकरी असून मी कुणाबरोबर खेळू? कारखान्यात शिट्टी वाजवली की अजून वीस जणी येतात, ओळीत उभ्या राहतात, चेंडू इकडून तिकडं जातो. खेळून झालं की बूट बदलून निघून जातात. मी काही विचारलं तर म्हणतात, "सगळं ठीक आहे, मॅडम." पूर्वी अक्का म्हणायच्या.

११ डिसेंबर, बुधवार

होसूर रोडच्या कारखान्यात पहिला दिवस. जेवणाच्या हॉलमध्ये साठेक बायका जमवल्या होत्या. बहुतेक तरुण, गावांतून आलेल्या, होस्टेलमध्ये राहणाऱ्या. मला भीती वाटत होती, पण बोलायला लागल्यावर बोलले. दिवसभर एकाच जागी बसून अंग कसं आखडतं, मन कसं आखडतं, स्वतःसाठी अर्धा तास काढणं म्हणजे चैन नव्हे. यातला एकही शब्द खोटा नाही. मी स्वतः अनुभवलंय. माझ्या आवाजात ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण कुजबुज थांबली.

मग बाहेर नेऊन खेळवलं. काही जणींनी जन्मात चेंडू हातात धरला नव्हता. एकीच्या नाकावर बसला, ती हसायला लागली आणि मग सगळ्याच. मीही हसले. खूप दिवसांनी.

नंतर पायऱ्यांवर पाणी पीत बसलो. भव्या म्हणून एक मुलगी, विशीतली, माझ्याशेजारी येऊन टेकली. सारखी मागं बघत होती, कुणी ऐकतंय का म्हणून. मग हळू विचारलं, "अक्का, आम्ही तुम्हाला सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगता का?"

बाकीच्याही बोलायच्या थांबल्या. सगळ्यांना तेच विचारायचं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "नाही गं. कुणालाही नाही."

शिट्टी व्हायच्या आत सहा जणी बोलल्या.